पेशीविभाजन आणि पेशीचक्र : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेशीविभाजनाचा धडा बहुतेकांना चार नावांमुळे आठवतो : पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था. नावे पाठ होतात, आकृत्याही जमतात; पण "पश्चावस्थेत माणसाच्या पेशीत गुणसूत्रे किती?" असे विचारले की वर्ग गप्प होतो. (गुणसूत्र म्हणजे केंद्रकातला डीएनएचा गुंडाळलेला धागा.) अनेक वर्षे शिकवल्यावर माझे मत असे झाले आहे की हा धडा नावांचा नाही, हिशेबाचा आहे. म्हणून खालच्या उत्तरांत पाठांतरापेक्षा मोजणीवर भर आहे.

पेशी विभागतेच कशाला? नुसती मोठी होत राहिली तर काय बिघडते?

पेशीला लागणारे सगळे तिच्या पटलातूनच आत येते आणि टाकाऊ ते तिथूनच बाहेर जाते. घनाकृती पेशीची बाजू दुप्पट केली तर पृष्ठभाग चौपट होतो, पण घनफळ आठपट. म्हणजे खाणारी तोंडे आठपट आणि दारे चारपटच. शिवाय केंद्रकातला डीएनए तेवढाच राहतो आणि त्याला आठपट जीवद्रव्याचा कारभार पाहावा लागतो. अंड्यांसारख्या पेशी प्रचंड मोठ्या असतात हे खरे, पण त्यांतला बराचसा भाग साठवलेला बलक असतो.

बहुपेशीय शरीरात विभाजनाचे दुसरे काम वाढ आणि तिसरे झीज भरून काढणे. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३० लाख कोटी पेशी असतात. तांबड्या रक्तपेशी साधारण १२० दिवस टिकतात, त्यामुळे त्या सेकंदाला वीस लाखांहून अधिक या वेगाने नव्याने तयार कराव्या लागतात. तांबड्या पेशीला स्वतःचे केंद्रक नसते, ती विभागू शकत नाही. विभाजन अस्थिमज्जेतल्या तिच्या पूर्वज पेशींचे होते.

पेशीचक्र आणि पेशीविभाजन एकच ना?

नाही. एका विभाजनातून जन्मलेली पेशी स्वतः विभागून दोन होईपर्यंतचा सगळा प्रवास म्हणजे पेशीचक्र. विभाजन हा त्यातला शेवटचा आणि सर्वांत छोटा भाग. प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या, वेगाने विभागणाऱ्या पेशीचे चक्र साधारण २४ तासांचे असते. त्यात जी-१ टप्पा सुमारे ११ तास, एस टप्पा ८ तास, जी-२ टप्पा ४ तास आणि प्रत्यक्ष विभाजनाचा एम टप्पा जेमतेम एक तास. पुस्तकात मात्र त्या एका तासाला चार पाने आणि उरलेल्या २३ तासांना एक परिच्छेद मिळतो.

हे आकडे सर्व पेशींना लागू नाहीत. किण्व (यीस्ट) पेशीचे चक्र दीड-दोन तासांत पुरे होते. फळमाशीच्या अगदी सुरुवातीच्या भ्रूणात केंद्रके आठ-दहा मिनिटांत दुप्पट होतात, कारण तिथे वाढीचे टप्पे गाळून फक्त डीएनएची नक्कल आणि विभाजन एवढेच चालते. लागणारी सगळी शिदोरी आईने अंड्यात आधीच भरून ठेवलेली असते.

आंतरावस्था म्हणजे पेशीची विश्रांती, असे आम्हाला शिकवले होते. ते बरोबर का?

चूक आहे. आंतरावस्था म्हणजे दोन विभाजनांमधला काळ, जी-१, एस आणि जी-२ मिळून. पण ही चूक का झाली ते समजण्यासारखे आहे. जर्मन शास्त्रज्ञ वाल्टर फ्लेमिंग यांनी सॅलॅमँडरच्या पिल्लांच्या पेशी रंगवून विभाजनाचे बारकावे टिपले आणि १८८२ मध्ये त्यांचे सविस्तर वर्णन छापले. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना दोऱ्यांसारख्या रचना दिसल्या, म्हणून 'मायटोसिस' हे नाव ग्रीक भाषेतल्या 'धागा' या शब्दावरून पडले. मराठीतला 'सूत्री विभाजन' हा शब्दही त्याच अर्थाचा. दोन विभाजनांच्या मधल्या काळात मात्र केंद्रक नुसते धूसर दिसे. डोळ्यांना हालचाल दिसत नाही, म्हणजे काही घडत नाही असा समज झाला.

तो समज मोडला १९५३ च्या सुमारास. आल्मा हॉवर्ड आणि स्टीफन पेल्क यांनी घेवड्याच्या जातीतल्या एका रोपाच्या मुळांना किरणोत्सारी फॉस्फरस दिला आणि तो डीएनएमध्ये नेमका केव्हा शिरतो ते पाहिले. अपेक्षेप्रमाणे तो विभाजनाच्या वेळी शिरायला हवा होता. प्रत्यक्षात तो आंतरावस्थेत, आणि तीही सगळी नव्हे, मधल्या एका ठरावीक काळातच शिरत होता. त्या काळाला एस म्हणजे संश्लेषणाचा टप्पा म्हटले गेले. त्याच्या आधीची आणि नंतरची मोकळी जागा म्हणजे जी-१ आणि जी-२. यातला 'जी' हा 'गॅप' या शब्दाचा. नाव देताना ती नुसती फट वाटली होती. आज आपल्याला ठाऊक आहे की जी-१ मध्ये पेशी वाढते, प्रथिने आणि पेशीअंगके तयार करते, विभागायचे की नाही ते ठरवते. आणि जी-२ मध्ये नक्कल तपासून विभाजनाची तयारी करते.

एस टप्प्याचे काम किती मोठे आहे ते पाहा. माणसाच्या एका पेशीतला डीएनए सरळ केला तर सुमारे २ मीटर भरतो. नक्कल करणारी यंत्रणा सेकंदाला साधारण ५० अक्षरे, म्हणजे डीएनएचे घटक, लिहिते. आपल्या पहिल्या क्रमांकाच्या गुणसूत्रात जवळपास २५ कोटी अक्षरजोड्या आहेत. मधोमध एकाच ठिकाणी सुरुवात करून दोन्ही दिशांनी गेले तरी ते गुणसूत्र लिहायला महिनाभर लागेल. पेशी ते आठ तासांत उरकते, कारण ती एकाच वेळी हजारो ठिकाणी नक्कल सुरू करते. याला विश्रांती म्हणायचे तर काम कशाला म्हणणार?

जी-० म्हणजे काय? तिथे गेलेली पेशी परत येते का?

चक्राबाहेर पडून आपापले काम करत बसलेल्या पेशींची अवस्था म्हणजे जी-०. शरीरातल्या बहुतेक पेशी कोणत्याही क्षणी इथेच असतात. परत येणे पेशीच्या प्रकारावर अवलंबून असते. यकृताच्या पेशी एरवी शांत असतात, पण यकृताचा मोठा तुकडा काढला तर त्या चक्रात परततात आणि तूट भरून काढतात. मेंदूतल्या चेतापेशी जवळपास कायमच्या बाहेर गेलेल्या असतात.

हृदयाच्या स्नायुपेशींबद्दल दीर्घकाळ वाद होता. तो सुटला तो एका अनपेक्षित मार्गाने. उघड्यावर झालेल्या अणुचाचण्यांमुळे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत हवेतल्या कार्बन-१४ चे प्रमाण खूप वाढले आणि चाचण्या थांबल्यावर ते हळूहळू घटत गेले. ज्या वर्षी पेशीचा डीएनए तयार झाला त्या वर्षीच्या हवेची खूण त्यात राहते. ती मोजून २००९ मध्ये दिसून आले की वयाच्या पंचविशीत हृदयाच्या स्नायुपेशींपैकी वर्षाला सुमारे १ टक्का बदलल्या जातात आणि पंचाहत्तरीत त्याच्या निम्म्याहूनही कमी. म्हणजे त्या विभागतात, पण हृदयविकाराच्या झटक्याने झालेले नुकसान भरून निघावे इतक्या नव्हे.

गुणसूत्रे मोजायची कशी? डीएनएची नक्कल झाल्यावर ४६ ची ९२ होतात ना?

हा या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. गोंधळ होतो तो 'गुणसूत्र' या शब्दामुळे, कारण एकेरी असले तरी ते गुणसूत्र आणि नक्कल होऊन जुळे झाले तरी तेही गुणसूत्रच. नियम एकच लक्षात ठेवा : गुणसूत्रे मोजायची तर गुणसूत्रबिंदू मोजायचे. जोडलेले दोन धागे एका बिंदूपाशी बांधलेले असतील तर ते एक गुणसूत्र आणि त्यातला प्रत्येक धागा म्हणजे अर्धगुणसूत्र.

आता माणसाची पेशी घेऊ. जी-१ मध्ये ४६ गुणसूत्रे, प्रत्येकात डीएनएचा एकच रेणू. एस टप्प्यानंतर डीएनएचे रेणू ९२ झाले, पण ते जोडीजोडीने बांधलेले आहेत. म्हणून गुणसूत्रे ४६ च, अर्धगुणसूत्रे ९२. पूर्वावस्थेत आणि मध्यावस्थेत हाच हिशेब. पश्चावस्थेत बांधणी सुटते आणि प्रत्येक धागा स्वतंत्र गुणसूत्र ठरतो. त्या काही मिनिटांपुरती एकाच पेशीत ९२ गुणसूत्रे असतात. जीवद्रव्य विभागले की प्रत्येक कन्यापेशीत पुन्हा ४६.

म्हणजे डीएनए दुप्पट होतो एस टप्प्यात आणि गुणसूत्रसंख्या दुप्पट होते पश्चावस्थेत. या दोन घटनांमध्ये कित्येक तासांचे अंतर आहे. इतके एक वाक्य पक्के झाले की या धड्यावरचे निम्मे अवघड प्रश्न सुटतात.

एक गंमत : माणसाची गुणसूत्रे ४६ आहेत हे १९५६ पर्यंत पक्के नव्हते. त्याआधी तीसेक वर्षे सगळी पुस्तके ४८ सांगत. जो हिन त्जिओ आणि आल्बर्ट लेव्हान यांनी पेशी फुगवून गुणसूत्रे विखुरण्याची चांगली पद्धत वापरली आणि नीट मोजले. तेव्हा तुमची मोजणी चुकली तर फार वाईट वाटून घेऊ नका.

सूत्री विभाजनाच्या चार अवस्थांत नेमके काय घडते?

पूर्वावस्थेत लांबलचक, गुंतलेली क्रोमॅटिनची, म्हणजे डीएनए आणि प्रथिने यांची, जाळी घट्ट वळून आखूड, जाड गुणसूत्रे बनतात. सुताचा गुंता तसाच ओढला तर तुटेल. गुंडी करून घेतला तर सहज हलवता येतो. तसेच हे. केंद्रकातला गडद ठिपका, म्हणजे केंद्रकी, नाहीशी होते. प्राणिपेशीत आधीच दुप्पट झालेली तारककेंद्रे विरुद्ध ध्रुवांकडे, म्हणजे पेशीच्या दोन टोकांकडे, निघतात आणि गुणसूत्रे ओढणारे तर्कुतंतू तयार होऊ लागतात. केंद्रकावरण विरून जाते. चारही अवस्थांत सहसा हीच सर्वांत लांब.

मध्यावस्थेत सर्व गुणसूत्रे पेशीच्या मधोमध, ध्रुवांपासून सारख्या अंतरावर असलेल्या विषुववृत्तीय प्रतलावर येतात. प्रत्येक गुणसूत्राच्या दोन अर्धगुणसूत्रांना विरुद्ध ध्रुवांकडून आलेले तर्कुतंतू जोडलेले असतात. गुणसूत्रे या वेळी सर्वांत आखूड आणि ठळक असतात, म्हणून गुणसूत्रांची मोजदाद आणि छायाचित्रे याच अवस्थेत घेतात.

पश्चावस्था सर्वांत छोटी, काही मिनिटांचीच. गुणसूत्रबिंदूपाशी जोडणी सुटते आणि धागे विरुद्ध टोकांकडे ओढले जातात. ओढ बिंदूपाशी असल्याने दोन्ही बाहू मागे लोंबकळतात आणि इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा आकार दिसतो. दोरी गुंडाळून ओढावे तसे हे नसते. तंतू प्रामुख्याने टोकांशी सुटे होत आखूड होतात आणि गुणसूत्र त्यांच्या झिजत्या टोकाला धरून सरकते.

अंत्यावस्था म्हणजे पूर्वावस्था उलटी फिरवलेली : गुणसूत्रे उलगडतात, केंद्रकावरण परत तयार होते, केंद्रकी दिसू लागते, तर्कुतंतू नाहीसे होतात.

काही पुस्तकांत पाच अवस्था का दिल्या आहेत?

केंद्रकावरण फुटल्यापासून गुणसूत्रे मध्यभागी येईपर्यंतच्या धावपळीला काही लेखक वेगळी अवस्था मानतात. पेशीच्या दृष्टीने चार, पाच असे काहीच नसते. ती थांबत नाही. विभागणी आपल्या सोयीची आहे. परीक्षेत आपल्या पुस्तकाला धरून लिहावे.

मध्यावस्थेत गुणसूत्रे रांगेत का थांबतात? लगेच वेगळी का होत नाहीत?

कारण तिथे हजेरी चालू असते. गुणसूत्रबिंदूपाशी प्रत्येक अर्धगुणसूत्रावर कायनेटोकोअर नावाची प्रथिनांची चकती असते आणि तंतू तिथे येऊन जोडले जातात. जी चकती अजून जोडली गेलेली नाही, ती 'थांबा' असा रासायनिक संदेश सोडत राहते. ९२ पैकी एकच चकती मोकळी असली तरी तो संदेश पश्चावस्था रोखून धरायला पुरतो. मला पेशीविज्ञानातली ही सर्वांत देखणी रचना वाटते : बहुमताने पुढे जायचे नाही, शेवटचा येईपर्यंत सर्वांनी थांबायचे.

सर्व जोडले गेले की संदेश बंद होतो. दोन अर्धगुणसूत्रांना कोहेसिन या प्रथिनाची कडी एकत्र धरून ठेवत असते. ती कापणारे सेपरेज हे विकर (रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन) तोपर्यंत दुसऱ्या एका प्रथिनाने जखडलेले असते. ते जखडणारे प्रथिन नष्ट केले जाते, सेपरेज मोकळे होते आणि सगळ्या कड्या जवळजवळ एकाच क्षणी कापल्या जातात. म्हणून पश्चावस्था इतकी अचानक सुरू होते.

प्राणी आणि वनस्पती यांच्या पेशीविभाजनात काय फरक आहे?

केंद्रकाचे विभाजन, म्हणजे प्रकल विभाजन, जवळपास सारखेच. फक्त उच्च वनस्पतींत तारककेंद्रे नसतात, तरी तर्कुतंतू तयार होतातच. खरा फरक जीवद्रव्याच्या, म्हणजे परिकल विभाजनात आहे. प्राणिपेशीत पटलाखाली ॲक्टिन आणि मायोसिनचे कडे आवळत जाते. पिशवीची नाडी ओढावी तशी खाच बाहेरून आत खोल होते. वनस्पतिपेशीला ताठ भित्ती असल्याने असे आवळता येत नाही. तिथे गॉल्जी पिंडाकडून आलेल्या पिशव्या मधोमध जमून एकमेकींत मिसळतात आणि पेशीपट्टी आतून बाहेर वाढत जुन्या भित्तीला मिळते.

केंद्रक विभागले, पण पेशी विभागलीच नाही, असे होते का?

होते, आणि ते नेहमी बिघाडच असते असे नाही. अनेक केंद्रके असलेली एकच पेशी तयार होते. नारळाच्या फळातले पाणी हे याचे प्रसिद्ध उदाहरण : तो भ्रूणपोष, म्हणजे बीमधल्या भ्रूणाचे अन्न, आहे, त्यात केंद्रके मोकळी तरंगत असतात आणि पुढे पेशीभित्ती तयार होत गेल्या की कडेला खोबरे जमते. यकृतातही दोन केंद्रकांच्या पेशी सर्रास आढळतात.

कांद्याच्या मुळाची स्लाइड केली, पण अवस्था दिसतच नाहीत. कुठे चुकले?

बहुधा मुळाचा चुकीचा भाग घेतला. विभाजन चालते ते टोकाच्या दोन-तीन मिलिमीटर भागात. त्याच्या वरच्या पेशी फक्त लांब होत असतात. मी स्वतः विद्यार्थी असताना चांगले लांब, पांढरेशुभ्र मूळ मधोमध कापून तासभर विटांच्या भिंतीसारख्या रिकाम्या पेशी न्याहाळल्या होत्या. दुसरी चूक म्हणजे आम्लात मूळ पुरेसे मऊ न करणे. पेशींना चिकटवून ठेवणारा थर सुटला नाही तर कितीही दाबले तरी पेशी एकमेकींवर चढलेल्या राहतात. ॲसिटोकार्मिन किंवा ॲसिटोऑर्सिन या रंगात पुरेसा वेळ ठेवा, आच्छादन काच ठेवून अंगठ्याने सरळ दाबा, काच सरकू देऊ नका.

एवढे करूनही बहुतेक पेशी आंतरावस्थेतच दिसतील. ती चूक नव्हे, तेच निरीक्षण आहे. स्थिर केलेले मूळ म्हणजे गजबजलेल्या जागेचा एक फोटो : जी गोष्ट जास्त वेळ चालते ती करणारे फोटोत जास्त सापडतात. समजा तुम्ही १,००० पेशी मोजल्या, त्यांतल्या ५० विभागत होत्या आणि चक्र २० तासांचे आहे असे धरले. तर विभाजनाला साधारण एक तास लागतो. त्या ५० पैकी ३० पूर्वावस्थेत असतील तर पूर्वावस्था अंदाजे ३६ मिनिटांची. मेलेल्या, रंगवलेल्या पेशींवरून घड्याळ न लावता वेळ काढता येतो. प्रयोगवहीत फक्त आकृत्या काढून घेण्यापेक्षा ही मोजणी करून घेतली तर तो तास सार्थकी लागतो, असे मला वाटते.

हे सगळे चालवते कोण? केव्हा काय करायचे हे पेशीला कसे कळते?

टिम हंट यांनी १९८२ मध्ये सागरी अर्चिनच्या अंड्यांवर काम करताना पाहिले की एक प्रथिन हळूहळू साचत जाते आणि प्रत्येक विभाजनाच्या वेळी एकदम नाहीसे होते. चक्राबरोबर चढते-उतरते म्हणून त्याला 'सायक्लिन' म्हटले गेले. ते एकटे काही करत नाही. सायक्लिनवर अवलंबून असणाऱ्या किनेज विकरांना ते चालू करते आणि ती विकरे इतर प्रथिनांना फॉस्फेट जोडून कामाला लावतात. वेगवेगळ्या टप्प्यांना वेगवेगळी सायक्लिने असतात. ती नष्ट केली जात असल्यामुळे चक्र उलटे फिरत नाही.

लेलँड हार्टवेल आणि पॉल नर्स यांनी किण्वांमध्ये या यंत्रणेची जनुके शोधली. नर्स यांच्या प्रयोगशाळेने १९८७ मध्ये दाखवले की किण्वातले बिघडलेले जनुक काढून माणसाचे जनुक बसवले तरी किण्व पेशी विभागते. किण्व आणि माणूस यांच्या वाटा वेगळ्या होऊन शंभर कोटी वर्षे उलटली असतील, तरी किल्ली त्याच कुलपाला लागते. या तिघांना २००१ चे नोबेल मिळाले.

अर्धगुणसूत्री विभाजन वेगळे कसे? आणि त्यात पेशी दोनदा का विभागते?

अर्धगुणसूत्री विभाजन म्हणजे युग्मके (अंडपेशी, शुक्रपेशी) तयार करणारे विभाजन. युग्मकांत गुणसूत्रे निम्मी झाली नाहीत तर प्रत्येक पिढीत संख्या दुप्पट होत जाईल, हे कारण सर्वांना माहीत असते. पण एकदाच विभागून निम्मे का करत नाहीत? कारण पेशी या मार्गाला लागण्यापूर्वीही एस टप्पा होतोच आणि डीएनए दुप्पट होतो. मग तो चार वाट्यांत जायला दोन फेऱ्या लागतात.

पहिल्या फेरीत वेगळी होतात ती सजातीय, म्हणजे एकाच जोडीतली, गुणसूत्रे : वडिलांकडून आलेले एकीकडे, आईकडून आलेले दुसरीकडे. अर्धगुणसूत्रे मात्र बांधलेलीच राहतात. म्हणून माणसात पहिल्या फेरीनंतर २३ गुणसूत्रे, पण अर्धगुणसूत्रे ४६. दुसऱ्या फेरीआधी डीएनएची नक्कल होत नाही. त्या फेरीत अर्धगुणसूत्रे वेगळी होतात, अगदी सूत्री विभाजनासारखी. शेवटी प्रत्येकी २३ एकेरी गुणसूत्रांच्या चार पेशी. संख्या निम्मी होते ती पहिल्या फेरीत. परीक्षेत याचे उत्तर सर्वाधिक चुकते.

पहिली पूर्वावस्था फार लांब आणि घटनांनी भरलेली, म्हणून तिचे लेप्टोटीन, झायगोटीन, पॅकिटीन, डिप्लोटीन आणि डायकायनेसिस असे पाच भाग करतात. सजातीय जोड्या झायगोटीनमध्ये जुळतात, तुकड्यांची अदलाबदल पॅकिटीनमध्ये होते आणि अदलाबदलीच्या जागच्या फुल्या डिप्लोटीनमध्ये दिसतात. शिवाय प्रत्येक जोडीतले कोणते गुणसूत्र कुठल्या बाजूला जाईल हे जोडीगणिक स्वतंत्रपणे ठरते. २३ जोड्यांच्या नुसत्या मांडण्याच ८३,८८,६०८ होतात. अदलाबदल त्यात धरलेलीच नाही. सख्खी भावंडे एकसारखी का नसतात, त्याचे कारण हे.

विभाजनात चूक झाली तर?

गुणसूत्रांची जोडी वेगळीच न होता एकाच बाजूला गेली, तर एका युग्मकात एक जास्त आणि दुसऱ्यात एक कमी. एकविसाव्या क्रमांकाचे गुणसूत्र तीन झाले की डाउन सिंड्रोम होतो. हे जेरोम लेज्यून आणि सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केले. बहुतेक वेळा ही चूक अंडपेशीत झालेली असते, आणि त्याचा संबंध वेळापत्रकाशी आहे. मुलगी गर्भात असतानाच तिच्या अंडपेशी पहिल्या पूर्वावस्थेत शिरतात आणि तिथेच थांबतात. त्यातली एखादी पुढे सरकते ती थेट अंडोत्सर्गाच्या महिन्यात, म्हणजे कधी पंधरा तर कधी चाळीसहून अधिक वर्षांनी. मग ती दुसऱ्या मध्यावस्थेत पुन्हा थांबते आणि शुक्रपेशी मिळाली तरच विभाजन पुरे करते. गुणसूत्रांना धरून ठेवणाऱ्या त्याच कोहेसिनच्या कड्या इतकी वर्षे टिकवायच्या असतात आणि वयानुसार त्या सैल पडतात. यात कुणाच्या खाण्यापिण्याचा किंवा वागण्याचा दोष नसतो, हे पालकांना मुद्दाम सांगावेसे वाटते.

कर्करोगाचा पेशीचक्राशी संबंध काय?

थेट संबंध आहे. डीएनए बिघडला असेल तर पी-५३ हे प्रथिन चक्र थांबवते, दुरुस्तीला वेळ देते, आणि दुरुस्ती होणार नसेल तर पेशीला आत्मनाशाकडे नेते. माणसातल्या सुमारे निम्म्या कर्करोगांत या प्रथिनाचे जनुक बिघडलेले आढळते. एका बिघाडाने सहसा कर्करोग होत नाही. पुढे ढकलणारी यंत्रणा अडकून बसणे आणि थांबवणारी यंत्रणा निकामी होणे असे अनेक बिघाड एकाच पेशीवंशात साचावे लागतात.

काही औषधे नेमकी तर्कुतंतूंवर घाव घालतात. सदाफुलीपासून मिळणारी व्हिनक्रिस्टीन आणि व्हिनब्लास्टीन तंतू बनूच देत नाहीत. यू वृक्षातून मिळालेले टॅक्सॉल तंतू सुटू देत नाही. परिणाम एकच : हजेरी पूर्ण होत नाही, पेशी मध्यावस्थेत अडकते. केसांच्या मुळांतल्या आणि अस्थिमज्जेतल्या निरोगी पेशीही वेगाने विभागतात, म्हणून अशा उपचारांत केस गळतात आणि रक्तपेशी घटतात. कळलावीत असलेले कोल्चिसिनही तंतू रोखते. गुणसूत्रे मोजण्यासाठी पेशी मध्यावस्थेत थांबवायला प्रयोगशाळेत त्याच्यासारखीच द्रव्ये वापरतात. कळलावी अत्यंत विषारी आहे. या माहितीवरून घरगुती प्रयोग करू नयेत.

पेशी किती वेळा विभागू शकते?

लेनर्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी १९६१ मध्ये दाखवले की माणसाच्या सामान्य पेशी काचपात्रात साधारण ४० ते ६० वेळा विभागून थांबतात. त्याआधी पेशी अमर असतात असाच समज रूढ होता. कारण गुणसूत्रांच्या टोकांत आहे : टेलोमिअर ही पुनरावृत्त अक्षरांची टोपी प्रत्येक नकलेत थोडी आखूड होते. ती भरून काढणारे टेलोमरेज विकर मूलपेशींत आणि जननपेशींत कार्यरत असते, बहुतेक शरीरपेशींत बंद असते आणि बहुतांश कर्करोगांत पुन्हा चालू झालेले आढळते. १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या रुग्णाच्या कर्करोगाच्या गाठीतून, त्यांची परवानगी न घेता काढलेल्या 'हेला' पेशी आजही जगभर विभागत आहेत. त्यांच्यात गुणसूत्रे ४६ नसून सत्तर-ऐंशीच्या घरात असतात.

जीवाणूंमध्ये सूत्री विभाजन होते का?

नाही. केंद्रक नाही, तर्कुतंतू नाहीत. एकच वर्तुळाकार गुणसूत्र दुप्पट होते आणि पेशी मधोमध विभागते. याला द्विविभाजन म्हणतात. ई. कोलाय हा जीवाणू अनुकूल स्थितीत २० मिनिटांत दुप्पट होतो, पण त्याच्या गुणसूत्राची एक नक्कल व्हायला सुमारे ४० मिनिटे लागतात. हे कसे जमते? पहिली नक्कल पुरी होण्याआधीच तो पुढची सुरू करतो. नवजात जीवाणूत नातवंडांसाठीची नक्कल आधीच चालू असते.

सरावासाठी एखादे उदाहरण द्याल का?

कांद्याच्या शरीरपेशीत १६ गुणसूत्रे असतात. खालचे न पाहता आधी सोडवा : मुळाच्या पेशीत मध्यावस्थेत किती अर्धगुणसूत्रे? पश्चावस्थेत किती गुणसूत्रे? पराग तयार करणाऱ्या पेशीत पहिल्या मध्यावस्थेत किती जोड्या? पहिल्या फेरीनंतर एका पेशीत किती गुणसूत्रे आणि किती अर्धगुणसूत्रे? परागकणाच्या केंद्रकात किती? आणि बीच्या भ्रूणपोषात किती?

उत्तरे क्रमाने : ३२, ३२, ८, गुणसूत्रे ८ आणि अर्धगुणसूत्रे १६, ८, आणि भ्रूणपोषात २४, कारण तिथे दोन ध्रुवीय केंद्रके आणि एक नर केंद्रक अशी तीन केंद्रके एकत्र येतात. शेवटच्या प्रश्नाला १६ असे उत्तर आले असेल तर तुम्ही भ्रूणाचा हिशेब केलात, भ्रूणपोषाचा नाही.